समुद्री किड्याचे लार्वे (ट्रोकोफोर) दुसऱ्या सकाळी तळाला बसलेत? फेकायच्या आधी या क्रमाने बघा

दिवाळीनंतर टीवायची (पदवीच्या तिसऱ्या वर्षाची) प्रॅक्टिकल्स सुरू झाली की ठाणे, ऐरोली, नेरूळ इकडच्या ओळखीच्या लॅबवाल्यांचे फोन चालू होतात आणि प्रश्न ठरलेला, काल संध्याकाळी लार्वे झकास पोहत होते, आज सकाळी बघतो तर सगळे तळाला, आता मॅडमना काय सांगू. मी झूलॉजीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे आणि हा एकच बिघाड इतक्यांदा निस्तरलाय की फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

किडा कुठला ते आधी. जेटीच्या खांबांवर, बोयांवर, बरेच दिवस पाण्यात राहिलेल्या दोरावर पांढऱ्या चुन्याच्या वाकड्यातिकड्या नळ्या चिकटलेल्या असतात, त्यातला हायड्रॉइड्स एलिगन्स. हा पॉलिकीट, म्हणजे गांडुळाच्या नात्यातला समुद्री किडा आहे, नर मादी वेगळे, नळी हळूच फोडली की काही मिनिटांत अंडी किंवा शुक्राणू स्वतःच बाहेर सोडतो, २५ डिग्रीच्या आसपास साधारण १२ तासांत ट्रोकोफोर, म्हणजे पहिला पोहणारा लार्वा, आणि पाचेक दिवसांत बसायला, म्हणजे एका जागी चिकटून नळी करायला, तयार लार्वा. म्हणजे सोमवारी सुरू केलं तर शनिवारच्या आत मुलांना सगळी गोष्ट बघायला मिळते, म्हणून वर्गासाठी याच्यासारखा दुसरा नाही. जुन्या पेपरांत हाच किडा बऱ्याचदा नॉर्वेजिका नावाने सापडतो, गोंधळू नका.

माझं मत सरळ आहे. हे लार्वे नाजूक असतात म्हणून मरत नाहीत, आपण त्यांचे लाड करतो म्हणून मरतात. जास्त खाणं, जास्त हवा, एका बीकरमध्ये जास्त गर्दी आणि साबणाने चकाचक घासलेली काच. खालचा क्रमही त्याच हिशोबाने लावलाय, फुकटात होणारं आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

"मेले" हे लक्षण नाही, स्लाइडवर थेंब घ्या आणि यातलं काय दिसतंय ते वहीत लिहा.

१) अंडी अंडीच राहिली, किंवा भागली पण पेशी लहानमोठ्या, गाठोडं झाल्यासारख्या.
२) पहिल्या दिवशी ठीक, दुसऱ्या सकाळी तळाला, पण सिलिया (पोहायचे बारीक केस) हलतायत आणि जागच्या जागी गरगर फिरतायत.
३) पोहतायत पण वाढत नाहीत, आतडं काचेसारखं रिकामं.
४) पाणी दुधाळ, जरासा वास, आणि स्लाइडवर लार्व्यांपेक्षा लहान काहीतरी सुसाट पळतंय.
५) लार्वे पाण्याच्या वरच्या पापुद्र्यात किंवा बीकरच्या कडेला पाण्याच्या रेषेवर अडकलेत.
६) सगळं उत्तम, तीन खंडांचे धष्टपुष्ट लार्वे, पण बसायचं नावच घेत नाहीत.

पहिलं लक्षण असेल तर सरळ फर्टिलायझेशनच्या भागावर जा, सहावं असेल तर त्याच्या पुढच्या भागावर. बाकीच्यांनी इथून सुरू करा.

टॉर्च

खर्च शून्य. लॅबचे दिवे बंद करा, बीकरच्या एका बाजूला मोबाइलचा टॉर्च लावा आणि पाचदहा मिनिटं हात लावू नका. लहान वयाचे लार्वे उजेडाकडे जातात, त्यामुळे जिवंत आणि धडधाकट असलेले त्या बाजूला बारीक धुरळ्यासारखे जमा होतात. ते पिपेटने उचलून नव्या पाण्यात टाका. हे पहिलं का, तर "सगळे मेले" असं म्हणणाऱ्यांच्या बीकरमध्ये बऱ्याचदा निम्मे जिवंत असतात, आणि तळाशी मेलेल्यांवर बॅक्टेरिया वाढतात ते उरलेल्यांना घेऊन जातात. नंतर कारण काहीही निघो, बॅच तरी वाचते. कोणीच आलं नाही तर मात्र त्या बीकरमध्ये जीव नाही, नवीन बॅच लावताना पुढचं तपासा.

काच कोणी आणि कशाने धुतली

दुसरं लक्षण असलं की मी पहिला संशय इथे घेतो. मावशी बिचाऱ्या काच चमकेपर्यंत घासतात, ते त्यांचं कामच आहे, पण भांड्याच्या साबणाचा न दिसणारा थरसुद्धा या ४५ मायक्रॉनच्या अंड्याला आणि उघड्या सिलियाला पुरतो. त्याहून वाईट म्हणजे ज्या बीकरमध्ये कधीतरी फॉर्मलिन होतं तो बीकर. ओळखायचं कसं? त्याच पाण्यातले, त्याच बॅचचे लार्वे दोन ठिकाणी ठेवा, एक तुमचा नेहमीचा बीकर आणि एक कधीच साबण न लागलेला, नवीन काचेचा ग्लास असला तरी चालतो, गरम पाण्याने तीनचार वेळा विसळलेला. दुसऱ्या दिवशी ग्लासातले पोहतायत आणि बीकरमधले बसलेत, विषय संपला. मग एक वेगळा सेट काढा, त्यावर पर्मनंट मार्करने "फक्त जिवंत" लिहा, आणि तो कपाटात कुलपात ठेवा, कारण उघड्यावर ठेवलात की दोन दिवसांत त्यात कोणीतरी मिथिलीन ब्लूचा रंग करणार हे लिहून घ्या.

हातांचंही तेच. सॅनिटायझर लावून पिपेट हातात घेऊ नका.

गर्दी मोजा

एक मादी हजारोंनी अंडी देते आणि मुलांना एकही फेकवत नाही. पण मिलिलिटरला ५ ते १० लार्वे, बस. वॉच ग्लासमध्ये १ मिलि घ्या, डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली मोजा, तीन वेळा घेऊन सरासरी काढा. सेज्विक-राफ्टर (मोजणीची खास स्लाइड) असेल तर छान, नसेल तरी अडत नाही. तीस-चाळीस निघाले तर तुम्हाला दुसरं कारण शोधायची गरजच नाही, त्यांच्याच मलाने आणि अमोनियाने ते बसलेत. बीकर वाढवा नाहीतर लार्वे कमी करा. मी तर एकाचे तीन बीकर करतो म्हणजे एक गेला तरी शुक्रवारचं प्रॅक्टिकल बुडत नाही.

हवा

पाचवं लक्षण म्हणजे जवळजवळ नक्की एअर स्टोन, पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे काढणारा दगड. बारीक बुडबुड्यांना लार्वे चिकटतात, वर जातात आणि पाण्याच्या पापुद्र्यात अडकून वाळतात. अर्ध्या लिटरच्या बीकरला, गर्दी बरोबर असेल तर, हवेची गरजच नसते, आणि द्यायचीच असेल तर स्टोन काढून नुसत्या पिपेटच्या टोकातून सेकंदाला एक बुडबुडा.

पंप असेल तर आणखी दोन गोष्टी बघा ज्या कोणी बघत नाही. एक, पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. आपल्याकडे संध्याकाळी डास म्हणून लॅबमध्ये लिक्विडचं मशीन लावून जातात, त्यातलं पायरेथ्रॉइड पाण्यातल्या बिनकण्याच्या प्राण्यांना फार वाईट, आणि मग सकाळी सगळे आडवे. दोन, नळीला पितळेचा व्हॉल्व्ह किंवा पितळेचं डिस्ट्रिब्युटर आहे का. पितळेत तांबं, आणि बोटीच्या बुडाला जो अँटिफाउलिंग रंग मारतात त्यातही बहुतेक वेळा तांबंच असतं, ते याच मंडळींना लांब ठेवायला. प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह वीस-तीस रुपयांना मिळतो, बदलून टाका.

तापमान आणि उडणारं पाणी

२४ ते २७ डिग्री असेल तर उत्तम. लॅबचा एसी दिवसा १८ वर आणि रात्री बंद, किंवा पश्चिमेच्या खिडकीत बीकर आणि दुपारचं ऊन, यात छोट्या बीकरचं तापमान दिवसाला सातआठ डिग्री खालीवर होतं. उपाय सोपा आहे, बीकर एका मोठ्या टबातल्या पाण्यात उभे करा, टब गरम व्हायलाही वेळ लावतो आणि गार व्हायलाही. मेंटेनन्ससाठी लाईट जायचा दिवस असतो तेव्हा हाच टब कामाला येतो.

पंख्याखाली उघडा बीकर असला तर पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणजे क्षारता रोज चढत जाते. पाण्याच्या पातळीवर मार्करची रेघ मारा, वर वॉच ग्लास झाका, आणि पातळी उतरली तर डिस्टिल्ड वॉटर घाला, समुद्राचं नाही. समुद्राचं पाणी घालून पातळी भरणारे खूप भेटलेत.

इथपर्यंत साधारण शून्य ते शंभर रुपयांत होतं आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक केसेस इथेच मिटतात. आता खर्चाचं.

क्षारता

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून क्षारता मोजायचं यंत्र) आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून शून्यावर आणा, मग मोजा. न जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर आत्मविश्वासाने खोटं बोलतो. ३० ते ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत तेवढे भाग मीठ, हवं. रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर ॲक्वेरियमचा हायड्रोमीटर, १.०२३ ते १.०२६ च्या मध्ये.

पण आकडा बरोबर असून भागत नाही, मोठे किडे जिथून आणले तिथलं पाणी किती होतं तेही मोजलेलं पाहिजे. खाडीची क्षारता स्थिर नसते, पावसाळ्यात तर आतल्या भागात एकदम पडते, म्हणून मी जून ते ऑक्टोबर हा प्रयोग लावतच नाही. २६ पीपीटीमधून आणलेला किडा थेट ३५ मध्ये फोडला तर अंड्यांना झटका बसतो. दोन दिवस घ्या, थोडं थोडं पाणी बदलत वर आणा.

पाणी खाडीचं आणणार असाल तर भरती पूर्ण भरल्यावर भरा. ओहोटीचं पाणी म्हणजे आतल्या भागातून, नाल्यांवरून उतरलेलं पाणी. जेटीवरच्या कोणाही कोळी काकांना विचारा, आज पाणी कधी भरतंय, उधाण आहे की भांग, ते घड्याळ न बघता सांगतील. आणि किडे घेताना नुकत्याच रंगवलेल्या होडीचे खरवडून आणू नका, कारण वर सांगितलंय.

कृत्रिम पाणी करायचं तर मरीन ॲक्वेरियमचं मीठ, क्रॉफर्ड मार्केट नाहीतर कुर्ल्याला मिळतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आदल्या दिवशी विरघळवून रात्रभर हवा देऊन ठेवायचं. जेवणाचं मीठ नको म्हणजे नको, त्यात समुद्रातलं कॅल्शियम मॅग्नेशियम नाही आणि मोकळं राहावं म्हणून भलतंच काहीतरी घातलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, त्याला अँटिक्लोरीनचे थेंब किंवा सरळ आरओचं पाणी.

गाळणं

चौथं लक्षण म्हणजे सिलिएट, एकपेशीय सूक्ष्मजीव, शिरलेत. ते समुद्राच्या पाण्याबरोबर किंवा शैवालाबरोबर येतात, बॅक्टेरिया खाऊन वाढतात आणि लार्व्यांच्या आधी बीकर ताब्यात घेतात. कापडाने, कॉफीच्या फिल्टरने काही होत नाही, ०.४५ मायक्रॉनचं मेम्ब्रेन आणि व्हॅक्युम पंप लागतो. मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडे असतो, गोड बोलून घ्या. ऑटोक्लेव्ह केलेलं समुद्राचं पाणी बऱ्याचदा पांढुरकं होतं कारण कार्बोनेट खाली बसतं आणि पीएच चढतो, ते लगेच वापरू नका, गार करून चांगली हवा द्या आणि पीएच ८ च्या आसपास आला की मगच.

सिलिएट एकदा माजले की त्या बीकरला वाचवत बसू नका. टॉर्चने जेवढे चांगले लार्वे निघतील तेवढे काढा, दोनतीन वेळा स्वच्छ पाण्यातून घ्या, बाकी ब्लीच टाकून ओता.

खाणं

तिसऱ्या लक्षणाचं उत्तर इथे. लार्वा पारदर्शक असल्यामुळे हे बघायला फार मजा येते, खाल्लेलं पोटात दिसतं. थेंब स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिपच्या कोपऱ्यांना मेणाचे ठिपके लावा नाहीतर लार्वा चिरडतो, आणि १०० पट मोठं करून बघा. मधोमध सिलियाचा पट्टा लाटेसारखा फिरत असतो, त्यातून कण तोंडाकडे ओढले जातात आणि जठरात सोनेरी-तपकिरी गोळा गोल गोल फिरताना दिसतो. तो गोळा दिसला की खाणं चालू आहे. रिकामं दिसलं तर खाणं चुकीचं आहे किंवा नाहीच आहे.

योग्य खाणं म्हणजे जिवंत आयसोक्रायसिस, हे एकपेशीय शैवाल, पेशी ४ ते ६ मायक्रॉनच्या, तोंडात मावणाऱ्या. स्पिरुलिनाची पावडर, यीस्ट, उकडलेल्या अंड्याचा बलक, हे सगळे प्रयोग लोकांनी केलेत आणि सगळ्यांचं पाणी नासलंय. मिलिलिटरला ५० ते ६० हजार पेशी, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या रेघांच्या स्लाइडवर) मोजून. ऐकायला खूप वाटतं पण पाण्याला जेमतेम रंगाची झाक येते. पाणी स्पष्ट तपकिरी दिसतंय म्हणजे तुम्ही लाड केलेत. शैवाल वाढीच्या जोरात असतानाचं घ्या, फ्लास्कच्या तळाशी साका धरलेलं जुनं घेतलंत तर खाण्याबरोबर बॅक्टेरियाही वाढलेत.

पाणी एक दिवसाआड बदला. ४० मायक्रॉनच्या आसपासची जाळी लागते, आणि ती जाळी कायम दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात बुडलेली असली पाहिजे, हवेत उघडी पडली की लार्वे तिच्यावर चपटे होतात. घाईत हीच पायरी चुकते आणि मग नवीन पाण्यालाच दोष देतात.

फर्टिलायझेशन

पहिलं लक्षण. शुक्राणू जास्त झाले की एका अंड्यात एकापेक्षा जास्त शिरतात आणि पेशी वाकड्यातिकड्या भागतात. दुधाळ थेंब थेट अंड्यांवर पिळू नका, आधी पातळ करा, मग त्यातले थोडे. वीसेक मिनिटांनी अंडी खाली बसली की वरचं पाणी ओतून नवीन घाला. अंडी बाहेर आल्या आल्या बेडौल दिसली तर घाबरू नका, पाण्यात राहून गोल होतात. दोन तासांच्या आत अंडी भागायला लागलेली दिसली पाहिजेत, बहुतेक अंड्यांत तसं दिसलं नाही तर ती बॅच रात्रभर सांभाळण्यात अर्थ नाही. मादीचं मागचं अंग नारिंगीसर आणि नराचं पांढरं दिसतं, पण लॅबच्या टाकीत उपाशी राहिलेले किडे दोन्हीकडून फिकट होतात, त्यांच्याकडून अंड्यांची अपेक्षा ठेवू नका, नवीन आणा. एकाच मादीवर विसंबू नका, तीनचार माद्यांची अंडी वेगवेगळी ठेवली की कळतं बिघाड पाण्यात आहे की मादीत.

बसत नाहीत

इथे उलटा प्रकार आहे, स्वच्छता हाच बिघाड. या लार्व्याला कोरी काच नको असते, बॅक्टेरियाचा थर हवा असतो. हवाईमध्ये याच किड्यावर खूप काम झालंय, स्यूडोआल्टेरोमोनास ल्युटिओव्हायोलेशिया हा एक बॅक्टेरिया असला की लार्वा बसतो हे तिथूनच कळलं. आपल्याला एवढं खोलात जायला नको. मोठे किडे ठेवलेल्या टाकीत स्लाइड आठवडाभर बुडवून ठेवा, बोटाला बुळबुळीत लागली की तयार, हळूच विसळून लार्व्यांच्या बीकरमध्ये टाका. लार्वा तिच्यावर सरपटतो, तोंड घासत जागा चाचपतो, मग थांबतो आणि अंगाभोवती पातळ पारदर्शक नळी काढतो, तासा-दोन तासांत तिच्या तोंडाशी पांढरा चुना दिसायला लागतो. मुलांना हे एकदा दाखवा, मग प्रॅक्टिकलला कोणी दांडी मारत नाही.

कुठे थांबायचं

इतकं सगळं करूनसुद्धा नवीन काच, विकतचं मीठ, मोजलेली गर्दी, वेगळ्या मादीची अंडी, आणि तरी लागोपाठ बॅच जात असतील तर अंदाज लावणं बंद करा. पाण्यातला जड धातू, कीटकनाशक हे मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, पाण्याचा नमुना केमिकल टेस्टिंगच्या लॅबला द्या. शैवालच खराब असेल तर ते शुद्ध करणं हे तज्ज्ञाचं काम, कॉलेजच्या लॅबमध्ये त्यात महिना घालवू नका, नवीन स्टार्टर मागवा. वर्सोव्याला सीआयएफई (मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था) आहे, अंधेरीला एनआयओचं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं) प्रादेशिक केंद्र आहे, तिथे विचारा. किडा नक्की कुठला याची खात्री हवी असेल तरी तिथेच, कारण हायड्रॉइड्सच्या जाती नळीचं तोंड बंद करणाऱ्या झाकणाच्या काट्यांवरून ओळखतात आणि ते नवख्याचं काम नाही.

गोळा करायच्या जागेचंही आत्ताच सांगतो. ठाणे खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ ला तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलाय. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय एक नळीसुद्धा उचलायची नाही, शंका असेल तर आधी वनखात्याच्या मॅन्ग्रोव्ह सेलला (खारफुटी विभागाला) विचारा. आणि उरलेले लार्वे, किडे, पाणी पुन्हा खाडीत किंवा बेसिनमध्ये सोडू नका. हा किडा जहाजांच्या बुडाला चिकटून जगभर पसरलेला आहे, ब्लीचमध्ये रात्रभर ठेवून मग टाका.

नळ्या आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, जाड हातमोजे घाला. तरी कापलं तर लगेच साध्या पाण्याने साबण लावून धुवा, आणि जखमेभोवती लाली पसरायला लागली, सूज किंवा ताप आला तर हळद लावून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि खाडीच्या पाण्यात कापलंय हे आवर्जून सांगा, समुद्रातल्या व्हिब्रिओ बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झपाट्याने वाढतं. मधुमेह किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्यालाच द्यावं. पंपाच्या वायरला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला खारं पाणी लागलं, हाताला झिणझिण्या आल्या, तर मेन बंद आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत टेबलाला हात नाही.

संस्थेला लिहिताना कॉलेजच्या लेटरहेडवर, एचओडींच्या सहीने लिहा, आणि सोबत एवढं द्या: किडे कुठून आणि कधी आणले, तिथली क्षारता, बीकरची क्षारता, तापमान, पीएच, मिलिलिटरला किती लार्वे, खाणं काय आणि किती, आणि मोबाइल आयपीसला लावून काढलेला आतड्याचा एक स्पष्ट फोटो. "लार्वे मरतात, उपाय सांगा" एवढंच लिहिलंत तर ते उलट हेच सगळं विचारणार आणि तोवर तुमचं सेमिस्टर संपलेलं असेल.